प्रौढपणी पियानोचे पहिले पुस्तक

संगीत शिकावे ते लहानपणीच, ही समजूत आपल्या घराघरांत इतकी रुजलेली आहे की, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने वाद्य शिकावयाचे म्हटले तर ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते. मुलांच्या शिकवणीसाठी पियानो किंवा विजेवर चालणारा कीबोर्ड घरात येतो. मुले काही वर्षे वाजवितात, परीक्षा देतात, पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी जातात आणि वाद्यावर खोळ चढते. त्या घरातील आईला किंवा वडिलांना एखाद्या दुपारी ती खोळ काढून बसावेसे वाटते. मुलांचे पहिले पुस्तक कपाटात असतेच. परंतु ‘आता या वयात काय जमणार?’ हा प्रश्न आड येतो आणि खोळ तशीच राहते.

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, मैफल गाजविणारा वादक होणे या वयात बहुधा जमणार नाही; पण कागदावरचे संगीत वाचून दोन्ही हातांनी गोड वाजविणे निश्चित जमते. त्यासाठी पहिले पुस्तक आपल्याला काय देते आणि काय देऊ शकत नाही, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे.

पुस्तकाची परंपरा

वाद्य पुस्तकावरून शिकण्याची कल्पना आजची नव्हे. पियानोच्या आधी युरोपात हार्प्सिकॉर्ड हे वाद्य प्रचारात होते. त्याच्या वादनकलेवर फ्रान्स्वा कूपरँ याने १७१६ साली पॅरिसमध्ये ग्रंथ छापला. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख याने स्वरपट्ट्यांची वाद्ये वाजविण्याच्या खऱ्या रीतीवर आपला ग्रंथ दोन भागांत, १७५३ व १७६२ साली प्रसिद्ध केला. १८०१ साली लंडनमध्ये मुझिओ क्लेमेंटीचे पियानो-प्रवेशाचे पुस्तक निघाले. बीथोव्हेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू कार्ल चेर्नी (१७९१–१८५७) याने नवशिक्यांसाठी लिहिलेले शंभर छोटे पाठ आजही जगभर वाजविले जातात.

१८५० च्या सुमारास फर्डिनांड बायर या जर्मन संगीतकाराने जी बालबोधी रचली, तिच्यावर जपान, कोरिया व चीन येथील कित्येक पिढ्या शिकल्या. तिचे सूत्र साधे आहे. आरंभी पाच बोटे पाच पट्ट्यांवर ठेवावयाची आणि हात हलवावयाचा नाही. विद्यार्थी हे पाच स्वर वाजवीत असताना शेजारी बसलेला शिक्षक भरदार साथ करतो, त्यामुळे पहिल्या पाठालाच संगीताचे रूप येते. विसाव्या शतकात हंगेरीच्या बेला बार्टोकने ‘मिक्रोकॉस्मोस’ या नावाने १५३ रचना सहा भागांत बांधल्या. त्यांतील पहिल्या रचनांत दोन्ही हात एकच सूर वाजवितात आणि शेवटच्या रचना कसलेल्या वादकाची परीक्षा पाहतात. अमेरिकेत जॉन टॉमसनचे लहान बोटांसाठीचे पुस्तक १९३६ साली निघाले.

आपल्याकडेही पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले, विद्यार्थ्यांसाठी छोटी पुस्तके छापली आणि पंडित भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सिद्ध केली. गुरुमुखाचे स्थान पुस्तकाने घ्यावे, असा या कार्याचा हेतू नव्हता. जे शिकावयाचे त्याला क्रम असावा आणि तो क्रम कोणाही जिज्ञासूच्या हाती पडावा, हा त्यातील लाभ होता. पियानोच्या पहिल्या पुस्तकाचा खरा गुणही हाच, क्रम. एका पानावर एकच नवी गोष्ट. ती पचली की पुढची.

पेटी वाजविणाऱ्यांसाठी

आपल्या देशात पियानोकडे वळणाऱ्या पुष्कळ प्रौढांची हार्मोनियमशी थोडीफार ओळख असते. ही ओळख उपयोगी आहे, परंतु ती काही ठिकाणी फसविते, म्हणून दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या.

मोठ्या पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. पहिल्या पुस्तकापुरता ६१ पट्ट्यांचा कीबोर्डही चालतो. पट्ट्यांची मांडणी पेटीसारखीच आहे. पुस्तकात ज्याला ‘मिडल सी’ म्हणतात, ती पेटीवाल्यांची मधल्या सप्तकातील ‘पांढरी एक’. कागदावर हा स्वर वरच्या पाच रेघांच्या खाली आणि खालच्या पाच रेघांच्या वर, मधल्या एका तोकड्या रेघेवर बसतो. तेथून उजवीकडचे स्वर बहुतेक उजव्या हाताचे आणि डावीकडचे डाव्या हाताचे.

पहिला फरक षड्जाचा. आपण काळी एकला सा मानू किंवा पांढरी चारला. सा आपल्याबरोबर सरकतो. पुस्तकातील ‘सी’ मात्र कधीच सरकत नाही, ते त्या एकाच पट्टीचे नाव आहे. म्हणून ‘सी म्हणजे सा’ असे पाठ करणाऱ्याची पुढे, रचना दुसऱ्या स्वरावरून सुरू झाली की, तारांबळ उडते.

दुसरा फरक आवाजाचा. पेटीत पट्टी हळू दाबा वा जोरात, आवाजाचे लहानमोठेपण भात्यावर ठरते, आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत स्वर चालू राहतो. पियानोत पट्टी दाबताच नमद्याने मढविलेली हातोडी तारेवर आपटते. बोट जितक्या वेगाने खाली जाईल तितका स्वर मोठा. आणि एकदा उमटलेला स्वर आपोआप विरत जातो. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हे वाद्य घडविले ते याच गुणासाठी.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भाता ओढत आलेला असतो. त्याला स्वर ठाऊकच नसतात. तेव्हा अशा माणसाचा उजवा हात जाणता आणि डावा हात अगदी बालवर्गातला, अशी जोडी जमते. जाणत्याने अजाणत्यासाठी थांबावयाचे, हा नियम येथे एकाच शरीरात पाळावा लागतो.

बोटांच्या क्रमांकांविषयी एक सूचना. हल्लीच्या पुस्तकांत दोन्ही हातांचा अंगठा १ आणि करंगळी ५. परंतु रद्दीच्या दुकानात मिळणाऱ्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत काही ठिकाणी अंगठ्याला अधिकचे चिन्ह आणि उरलेल्या बोटांना १ ते ४ असे आकडे सापडतात. असे पुस्तक हाती आले तर आधी ते चिन्ह आहे काय, हे पाहावे. नाही तर प्रत्येक बोट एका घराने चुकेल.

समज पुढे, बोटे मागे

लहान मूल आणि प्रौढ यांच्या शिकण्यातील भेद वयापेक्षाही या एका गोष्टीत आहे. मुलाची समज आणि बोटे साधारण बरोबरीने चालतात. प्रौढाला पहिल्याच संध्याकाळी अर्धे पुस्तक समजते. स्वर किती मात्रांचा, खंड कोठे संपतो, विराम कोठे घ्यावयाचा, हे हिशोब त्याला सहज उलगडतात. बोटांना मात्र तीच पाने आत्मसात करावयास कित्येक आठवडे लागतात. या दोहोंतील अंतराला तो ‘माझे वय झाले’ असे नाव देतो आणि पुस्तक मिटतो. वस्तुतः ते अंतर म्हणजे त्याची समज पुढे धावली एवढेच.

पुस्तक बहुधा मिटते ते एका ठराविक पानावर, जेथे दोन्ही हात प्रथमच वेगवेगळे काम करू लागतात. तेथे उपाय ठरलेला आहे. उजवा हात एकट्याने, मोठ्याने मात्रा मोजीत वाजवावा. मग डावा तसाच. नंतर दोन्ही एकत्र, पण एकच खंड, आणि इतक्या संथ गतीने की चूक होण्यास वावच राहू नये. एक खंड सरळ वाजला की पुढचा जोडावा. चुकीने दहा वेळा वाजविले तर बोटे चूकच पाठ करतात.

कान तयार असलेल्या आपल्या लोकांना आणखी एक मोह होतो. चाल दोन-तीनदा वाजली की ती पाठ होते आणि डोळे कागदावरून उठून पट्ट्यांवर जातात. पाठांतर झाले, पण वाचन जागच्या जागी राहिले. तसेच प्रत्येक स्वरचिन्हाखाली सा रे ग म लिहून घेतले तर डोळे अक्षरेच वाचतात, चिन्हे नाहीत. यासाठी रोज एखादी नवी, अगदी सोपी ओळ केवळ वाचनासाठी वाजवावी. कागद वाचून वाजविण्याचे मोल गोव्याने आपल्याला दाखविलेले आहे. तेथील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांनी आणि सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. पूर्वी न ऐकलेली रचना कागद पाहून अनेकांनी एका वेळी वाजविणे त्यामुळेच शक्य झाले.

वेळेचा हिशोबही सांगितला पाहिजे. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणे अधिक फळते. बोटांचे शिक्षण झोपेतही पक्के होते, हे आता प्रयोगांनी दिसून आले आहे. काल न जमलेला खंड आज आपोआप जमल्यासारखा वाटतो, तो त्यामुळे.

पुस्तकाला कान नसतात

पुस्तक क्रम देते, पण ते ऐकत नाही. खांदे वर चढले, मनगट आखडले, मात्रा घसरली, तरी पान मुकाट असते. म्हणून काही पथ्ये आपणच पाळावी. बैठक अशी असावी की कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीवर येईल. बोटे किंचित वाकलेली, मनगट सैल. दुखू लागले की थांबावे. प्रौढ सांध्यांवर बळजोरी करू नये. रॉबर्ट शुमान (१८१०–१८५६) याने तरुणपणी बोटे तयार करण्याच्या ईर्ष्येने यांत्रिक साधनसुद्धा वापरून पाहिले होते. पुढे त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले आणि वादकाचा मार्ग सोडून त्याला रचनेकडे वळावे लागले. १८४८ साली मुलांसाठी ४३ सोप्या रचनांचा संग्रह देणारा शुमान तो हाच.

लय सांभाळण्यास मेट्रोनोम हे टकटक करणारे साधन वापरावे. आपले वादन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे; वाजविताना न जाणवलेली घाई ऐकताना लगेच कळते. आणि शक्य असेल तर महिन्यातून एकदा तरी जाणत्या शिक्षकासमोर बसावे. ज्यांना परीक्षेच्या ध्येयाने हुरूप येतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांना वयाची अट नाही.

पुस्तक निवडताना खास प्रौढांसाठी लिहिलेले मिळाले तर बरे. त्यांत अक्षर मोठे असले किंवा चित्रे कमी असली, एवढाच फरक नसतो. डाव्या हाताला तीन स्वर एकदम दाबण्याची साधी साथ त्यांत लवकर शिकविली जाते, त्यामुळे थोड्या दिवसांत वादन भरलेले वाटते आणि धीर टिकतो.

घरच्यांचा वाटा

मूल अडखळत वाजवू लागले की घर कौतुक करते. आई तसेच अडखळू लागली की कोणीतरी दूरदर्शन संचाचा आवाज वाढवितो, कोणी ‘अजून तेच चालले आहे का?’ म्हणून विचारतो. पुष्कळांचे शिकणे वयाने नव्हे, या एका वाक्याने संपते. विशेषतः ज्या स्त्रीची वीस-पंचवीस वर्षे इतरांचे डबे, परीक्षा आणि आजारपणे सांभाळण्यात गेली, तिला स्वतःसाठी वीस मिनिटे मागणेही जड जाते. ती तिला मागावी लागू नयेत. वेळ ठरवून द्यावी, त्या वेळी हाक मारू नये आणि ‘गाणे केव्हा वाजवून दाखविणार?’ अशी घाई करू नये. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा संकोच वाटत असेल तर विजेच्या वाद्याला कानातले ध्वनियंत्र लावता येते. तारांचा पियानो असेल तर पावसाळ्यातील दमटपणाने त्याचे सूर बिघडतात. वर्षातून एकदा तरी तो सुरात लावून घेणे हेही घरचेच काम.

नियमाने बसणारा प्रौढ साधारण वर्ष-दोन वर्षांत ज्या रचनांपाशी पोचतो, त्यांत एक प्रसिद्ध मिन्यूएट असते. बाखची म्हणून ती दीर्घकाळ ओळखली गेली. ती क्रिस्टियान पेट्सोल्ड याची आहे, हे पुढे संशोधनाने ठरले. ही रचना टिकली ती एका घरगुती वहीमुळे. बाखची पत्नी आना माग्डालेना हिची ही वही १७२५ सालची. तीत घरातील अनेकांच्या हस्ताक्षरांत रचना उतरविलेल्या आहेत. पुढे वादनकलेवर ग्रंथ लिहिणाऱ्या त्या मुलाचे लहानपणचे प्रयत्नही तीतच आहेत. आईच्या त्या संगीताच्या वहीत मुलांच्या रचनांनाही जागा होती. लहानमोठ्यांचे संगीत तीत एकत्र नांदले. आपल्या कपाटातील मुलांचे जुने पुस्तकही, उद्या त्याचे पहिले पान उघडले तर, तसेच साऱ्या घराचे होऊ शकेल.