कोकणची आगोट आणि दस्मानचे पाणी



भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांना एक प्रश्न हटकून विचारीत असू. ज्या प्रदेशात वर्षाकाठी जेमतेम चार-साडेचार इंच पाऊस पडतो, तेथे पावसाने घरे पडतील काय? वर्ग एका सुरात "नाही" म्हणे. मग आम्ही कुवेतची हकीकत सांगत असू. १९३४ साली तेथे असा पाऊस कोसळला की मातीच्या भिंतींची घरे भराभर खचली आणि असंख्य कुटुंबे उघड्यावर आली. तेथील वृद्ध मंडळी त्या वर्षाला 'हदामा', म्हणजे पाडापाडीचे वर्ष, म्हणत आली आहेत.

जुन्या कुवेत शहराच्या पूर्व टोकास, समुद्रालगत, दस्मान हा भाग आहे. अमीरांचा राजवाडा तेथेच. मातीची घरे आता गेली, परंतु जमिनीचा गुण तोच राहिला. उन्हाने कडक झालेली सपाट भूमी पाणी पटकन शोषून घेत नाही आणि वाळूने गटारांची तोंडे बुजतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुसळधार पावसाने तेथील रस्त्यांचे ओढे झाले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, विमानांची ये-जा थांबली, आणि बांधकाम खात्याच्या मंत्र्यांनी राजीनामा दिला. पाऊस क्वचित येतो म्हणून त्याची तयारी कोणी ठेवीत नाही. ज्या गावी तो दरवर्षी येतो तेथे निदान छत्री तरी घरात असते!

दस्मानच्याच किनाऱ्यावर १९७९ साली खुले झालेले कुवेतचे सुप्रसिद्ध मनोरे उभे आहेत. चित्रात ते शोभेचे वाटतात, पण त्यांतील दोहोंच्या निळ्या गोलांत पिण्याचे पाणी साठविले जाते, दोन्ही मिळून सुमारे ९० लाख लिटर. एके काळी या शहरास गोडे पाणी शत्-अल्-अरब नदीतून गलबतांनी आणावे लागे. १९५३ पासून समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना सुरू झाला. म्हणजे तेथे नळाचे पाणी हे विजेवर अवलंबून आहे, आणि २१ जुलै २०१६ रोजी याच देशात मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तपमान नोंदले गेले. जून २०२४ मध्ये उन्हाळ्याच्या भरात तेथे ठरवून वीज बंद करण्याची पाळी आली. अशा वेळी सरकारी मनोऱ्यातील पाण्यापेक्षा स्वतःच्या मोरीतील झाकलेले पिंप अधिक मोलाचे ठरते.

हे सारे आम्ही का सांगत आहोत? कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडातील, आपल्या जुन्या गावांचे कितीतरी शेजारी आखाती देशांत नोकरीस आहेत. त्यांची घरे गावी कुलूपबंद, अथवा म्हाताऱ्या आईवडिलांच्या हवाली. आपल्यातील काही कुटुंबांचीही तीच गत आहे. आपली परंपरा तर सांगते की आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून तरले. तो किनारा अजूनही तितकाच खट्याळ आहे.

कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीस 'आगोट' म्हणतात. तांदूळ, पोहे, वाल, सुके बोंबील, मीठ, मसाला, सरपण, सारे मृगाच्या आधी घरात. घर शाकारायचे, पडवीला झावळ्यांची झडप बांधायची. आमच्या मते आपत्तीच्या तयारीचा याहून जुना आणि शहाणा पाठ दुसरा नाही. मात्र ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मृगाचीही वाट पाहिली नाही. अलिबागच्या दक्षिणेस ते ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, पत्रे वाऱ्यावर गेले. कित्येक गावांत वीज बरेच दिवस आली नाही आणि दूरध्वनीही मुके झाले. मुंबईचा मुलगा वा कुवेतचा जावई काय करणार? ज्यांच्या घरी आगोट भरलेली होती, त्यांच्या चुली पेटल्या. पोफळीचे झाड मात्र पुन्हा फळावर यायला कित्येक वर्षे लागतात.

म्हणून आगोट मे महिन्याच्या मध्यापर्यंत पुरी व्हावी. तिच्यात आता काही भर घालणे अगत्याचे आहे. नित्याची औषधे महिनाभराची, विजेरी आणि तिचे मसाले, झाकणाची पिंपे, एक दोर. जन्मदाखले, विवाहपत्रे, जमिनीचा सातबारा, जुनी पारपत्रे यांच्या नकला पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि दुसरा संच दुसऱ्या गावी. पत्रे नुसत्या खिळ्यांनी ठोकू नयेत. ते आकड्यांच्या बोल्टांनी वाशांशी जखडावेत आणि छपराजवळच्या फांद्या आधीच छाटाव्यात.

परंतु डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस आगोट वाचवीत नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावी डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी झोपेतच गाडली गेली. अशा ठिकाणी पिंप भरलेले असून काय उपयोग? तेथे वेळेवर घर सोडणे हीच तयारी. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, भिंतींना चिरा जाऊन दारे अडकू लागणे, या खुणा दिसताच, आणि पाऊस दोन दिवस खंड न पडता झोडपीत असेल तर खुणांची वाट न पाहता, शाळेत अथवा नातलगाकडे निघून जावे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. वृद्धांना घर सोडवत नाही हे आम्ही जाणतो. त्यासाठी कोणाच्या घरी जायचे आणि त्यांना न्यायला कोण येणार, हे उन्हाळ्यातच, सर्वांच्या समक्ष ठरवावे.

गावी फोन कराल तेव्हा प्रकृतीची चौकशी झाल्यावर एवढे अवश्य विचारा: छप्पर शाकारले काय, घरामागचा डोंगर कसा आहे, आणि रात्री निघायची वेळ आली तर कंदील कोणाच्या हाती असेल?