खुबा बदलला, आता स्नायूंचं काय?

खुब्याचा सांधा बदलून वर्ष उलटतं, एक्स-रे उत्तम येतो, तरी चालताना माणूस एका बाजूला झुकतो. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं: एक्स-रे चांगला आहे ना, म्हणजे सगळं ठीक आहे. हा पहिला गैरसमज, आणि सर्वांत जास्त त्रास देणाराही हाच. एक्स-रेत वाटी, गोळा आणि मांडीच्या हाडात बसवलेला दांडा दिसतो. ते सैल झालेत का, सरकलेत का, हे कळतं. स्नायूंचं नुकसान मात्र त्यात कळत नाही. पाऊल टाकताना कंबर सावरून धरतात ते नितंबाचे दोन स्नायू: ग्लुटिअस मीडिअस आणि त्याखाली दडलेला ग्लुटिअस मिनिमस. एका पायावर उभं राहिलं की शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट जोर त्यांना लावावा लागतो. ते दुबळे झाले की उचललेल्या पायाकडची कंबर खाली कलते. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग यांनी 1895 मध्ये ही खूण सांगितली आणि आजही रुग्णाला एका पायावर उभं करून डॉक्टर तीच पाहतात.

बाजूने खुबा उघडण्याच्या पद्धतीत मीडिअसचा पुढचा भाग हाडापासून सोडवून शेवटी पुन्हा शिवतात. ही शिवण उसवू शकते किंवा या स्नायूंकडे जाणारा मज्जातंतू दुखावू शकतो. मागून उघडलं तर हे स्नायू बहुधा वाचतात, पण पाय बाहेर वळवणारे लहान स्नायू सोडवावे लागतात. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेत स्नायूंना धक्काच लागत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. वाट दोन स्नायूंच्या मधून काढलेली असते हे खरं, पण ते बाजूला ओढून धरताना मांडीच्या बाहेरच्या अंगाचा टेन्सर स्नायू दुखावल्याचंही एमआरआयमध्ये आढळतं.

इथेच दुसरी अडचण पुढे येते: अंगात धातू आहे, मग एमआरआय कसा करणार? अनेक रुग्ण एवढ्यावरूनच तपासणी टाळतात, आणि ते खरोखर वाईट वाटतं. आजचे कृत्रिम खुबे टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोमियम, सिरॅमिक आणि पॉलिथिलीनचे असतात. चुंबक त्यांना खेचून जागचे हलवत नाही. ठरलेल्या अटी पाळून त्यांचा एमआरआय करता येतो. त्यासाठी इम्प्लांटचं कार्ड सोबत न्यावं आणि पेसमेकर वगैरे असल्यास आधीच सांगावं. खरी अडचण चित्राची असते. धातूमुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं, संकेत कुठून आला हे यंत्राला नीट कळत नाही आणि सांध्याच्या जागी काळा डाग, भोवती पांढरी वेडीवाकडी कड उमटते. टायटॅनियमपेक्षा कोबाल्ट-क्रोमियममुळे हा बिघाड जास्त होतो. जास्त ताकदीचं मशीन असेल तर चित्र स्वच्छ येईल, ही समजूत इथे उलटी पडते: 3 टेस्लापेक्षा 1.5 टेस्लावर धातूचा गोंधळ कमी होतो. शिवाय सेमॅक, मॅव्हरिक यांसारख्या खास पद्धती आहेत. म्हणून सेंटरवर नाव नोंदवतानाच, धातूचा बिघाड कमी करणारा एमआरआय तुमच्याकडे होतो का, हे विचारून घ्यावं. या स्नायूंचा मुख्य भाग सांध्याच्या वर, धातूपासून जरा लांब असतो. तो चांगला दिसतो. कंडरा हाडाला चिकटते ती जागा मात्र धातूच्या जवळ, म्हणून वाचायला कठीण.

चित्रात स्नायूची जाडी पाहतात आणि त्यात चरबी किती शिरली आहे तेही पाहतात. चरबी मोजायची गुटालिए श्रेणी 1994 मध्ये खांद्याच्या सीटी स्कॅनसाठी आली. तिच्यात 0 ते 4 पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर चरबी आणि स्नायू निम्मे-निम्मे, चौथीवर चरबीच जास्त. पण रिपोर्टात बदल लिहिलाय म्हणजे शस्त्रक्रिया बिघडली, असं नाही. झुरिकच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये तक्रार असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांची तुलना केली. काहीही त्रास नसलेल्यांतही कंडरांमध्ये लहानसहान बदल दिसले. मात्र कंडरा तुटणं आणि मीडिअसमध्ये चरबी शिरणं त्यांच्यात क्वचितच आढळलं. शिवाय झिजलेल्या खुब्यावर वर्षानुवर्षं लंगडल्याने स्नायू ऑपरेशनआधीच बारीक झालेला असू शकतो. जुना एमआरआय असेल तर तो जपून ठेवावा. नसेल तर दुसऱ्या बाजूशी तुलना करावी लागते.

व्यायामाने सगळं भरून येतं, हेही पूर्ण खरं नाही. न वापरल्याने बारीक झालेला स्नायू व्यायामाने पुन्हा भरतो. शिरलेली चरबी सहसा तशीच राहते, आणि तुटलेली कंडरा व्यायामाने हाडाला चिकटत नाही. म्हणून नुसता व्यायाम पुरे की कंडरा शिवायची, हे ठरवताना एमआरआय उपयोगी पडतो.

दुखत नसेल तर तपासायची गरज नाही, हा समज धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांच्या बाबतीत धोक्याचा आहे. त्यातले धातूचे सूक्ष्म कण आसपासचे स्नायू पोखरतात आणि रुग्णाला कधी कधी काहीच जाणवत नाही. अशा प्रकारचा एएसआर खुबा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. भारतात त्याच्या सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ज्यांच्या शरीरात असा सांधा अजून आहे, त्यांनी त्रास नसला तरी रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम आणि एमआरआय या दोन्ही तपासण्यांबद्दल आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावं.