आत्याची पपई आणि मेक्सिकोची कीड

२०१० सालची गोष्ट. भोर तालुक्यातल्या शिवऱ्याला माझी आत्या परसातली पपई तोडायला निघाली होती. पाने, खोड, फळे, सगळीकडे पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखे पांढरे! फवारे दोनदा मारून झाले. पण किडीच्या अंगावरच्या मेणापुढे औषधाचे काही चालेना.

"दृष्ट लागली रे झाडाला," आत्या म्हणाली.

ही दृष्ट मेक्सिकोकडची होती. किडीचे नाव पिठ्या ढेकूण. (आम्ही मराठीचे मास्तर, पण हा शब्द ज्याने घडवला त्याला आमचा नमस्कार!) २००८ मध्ये ती कोइमतूरला आढळली आणि दोन वर्षांत पुण्यापर्यंत आली. तिचे शत्रू मात्र मायदेशीच राहिले, मग काय विचारता!

बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी-कीटक ब्युरोने जुलै २०१० मध्ये अमेरिकी शेतीखात्याच्या मदतीने पोर्टो रिकोहून ते शत्रूच मागवले. गांधीलमाशीच्या कुळातले हे तीन जातींचे जीव टाचणीच्या टोकाएवढे. मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी त्याला आतून पोखरते. दुसऱ्या कुणाला त्यांचा उपद्रव नाही ना, हे बंद प्रयोगशाळेत पारखून मगच त्यांना शेतांत सोडले.

"झाड ठेवा, फवारा बंद करा, औषधाने माश्याच मरतील," एका जाणत्या गृहस्थांचा सल्ला मी आत्याला सांगितला.

"म्हणजे नुसती बघत बसू?" ती कडाडली. पण थांबली.

पुढल्या वर्षी पिशवीभर पपया आल्या. सोबत निरोप : "तुझ्या माश्या काही मला दिसल्या नाहीत हो!"