गुरांमागे गेलेली शाळा

सहा-सात वर्षांच्या मुलाला गाय शिकवायची म्हटले की शाळेतल्या बाई चित्रांचा तक्ता काढतात. डहाणू तालुक्यातल्या वारली पोरांपुढे तो तक्ता धरला असता तर पोरे हसली असती. त्या वयाचे पोर सकाळी गुरे सोडून माळावर जायचे ते दिवेलागणीला परतायचे. कोणती गाय लाथ मारते, कोणता बैल मारका, कोणते वासरू कळप सोडून भरकटते, सगळे त्याला पाठ. शाळेत मात्र ते कायमचे गैरहजर.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी यावर काढलेली तोड सरळ होती. पोर गुरे सोडून येणार नसेल, तर बाईंनी कुरणात जायचे.

ताराबाई तोवर बालशिक्षणात मुरलेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता. 1945 मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि पस्तिशीच्या अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुले फिरकेनात. मग पाड्याच्या अंगणातच वर्ग भरू लागला. थोडी मोठी मुले गुरांमागे असत, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. पुढे हे सारे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले.

मुलांनी प्राण्यांची निगा राखावी, हे मारिया मॉंटेसरी यांनीही आवर्जून सांगितले होते. त्यासाठी शाळेने प्राणी पाळायचे. इथे प्राणी आधीच मुलाच्या ताब्यात होते, पाळायची होती ती शाळा! साधनांचेही तसेच. मॉंटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून ताराबाईंनी खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या यांवर भागवले.

मग बाईंनी शिकवायचे काय? कुरणात जरा डोळे उघडे ठेवले तर धडे पायाखाली येतात. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवत ओढते आणि खालच्या आठ दातांवर दाबून तोडते. दूधदात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात, म्हणून बाजारात जनावर आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती असे मोजले जाते. दोनाचा पाढा असा बैलाच्या तोंडात बसलेला असतो. दुपारी गाय सावलीला बसली की रवंथाचा गोळा गळ्यातून वर चढताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. गुरांच्या पायांनी उडालेले नाकतोडे टिपायला गायबगळे मागोमाग असतातच. उन्हाळा सरता सरता त्यांची डोकी केशरी होतात. विणीचा हंगाम आला, हे त्यावरून कळते. यातले बरेचसे गुराख्याला बाईंपेक्षा आधी ठाऊक असते. बाईंनी आणायचा तो प्रश्न: बगळा म्हशीच्या पाठीवर का बसतो? रवंथ केले नाही तर गुराला काय होते? तर्क मुलाने लढवायचा, आणि तो खरा की खोटा हे पाहायला गुरे समोरच उभी.

कुरणशाळेला नुसते गोड मानून चालणार नाही. पोराच्या पोटापाण्याच्या कामाशी केलेली ती तडजोडही होती. सहा वर्षांच्या मुलाने दिवसभर गुरे राखावीत, असे आज कोणी म्हणणार नाही आणि 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क दिला, ते योग्यच झाले. पण मूल वर्गात आले तेव्हा त्याला गुरांबद्दल जे ठाऊक होते ते फाटकाबाहेर राहिले. ते आत घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती.

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर अंगणवाड्या सुरू झाल्या. अंगणातली बालवाडी अशी सरकारी योजनेत पोचली, कुरणशाळेच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. अनुताई मात्र 1992 मध्ये जाईपर्यंत कोसबाडच्याच कामात राहिल्या. त्या कामाच्या आठवणी त्यांनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत.