गढूळ किनारा आणि प्रवाळ

कोयनेचे पाणी वीज निर्माण करून अलोरे-पोफळीच्या बाजूने वाशिष्ठीत उतरते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. पावसाळ्यात अशा नद्या किनाऱ्यावर गोडे पाणी व गाळ ओततात. कोकणात प्रवाळ विरळ असण्याचे हे एक मोठे कारण.

प्रवाळ हा प्राणी. पण त्याचे बरेचसे अन्न त्याच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल प्रकाशसंश्लेषणाने बनवते. पाणी गढूळले की शैवालाला उजेड मिळत नाही, आणि गाळाखाली प्राणीही गुदमरतो. तरी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर काही काटक जाती तग धरून आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. विजयदुर्गापासून शंभरेक कि.मी. आत समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे (नाव आंग्र्यांवरूनच). नद्यांचा गाळ तेथवर पोचत नाही, त्यामुळे वीसेक मीटर खोलीवरही उजेड पुरतो.

उष्णतेपासून मात्र हे अंतर वाचवत नाही. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी काही आठवडे एखादा अंश जरी अधिक तापले, तरी ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जाते आणि पारदर्शक मांसातून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. अशा प्रवाळाला ‘मेले’ म्हणण्याची घाई होते. पण ते उपाशी असते. पाणी वेळेत निवले तर शैवाल परतते. त्या काळात होड्यांचे नांगर आणि पर्यटकांचे पाय तेथून दूर ठेवता आले, तर ते जगण्याची शक्यता वाढते.

आंग्रियाची आणखी एक अडचण कायद्याची. वन्यजीव कायद्याखालील अभयारण्य प्रादेशिक समुद्रापर्यंतच, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे २२ कि.मी.पर्यंतच, जाहीर करता येते. हे पठार त्याच्या कितीतरी पलीकडे आहे.