रोथेनबुर्ग : गावकुसाच्या आत

कुठे : जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, टाउबर नदीच्या खोऱ्यावरच्या उंचवट्यावर.

किल्ला नव्हे : तट आहे तो राहत्या गावाभोवती. मूळ किल्ला १३५६च्या भूकंपात ढासळला; तिथे आता बाग आहे.

मुक्त शाही शहर : १२७४पासून. कोणा सरदाराचं नव्हे, थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं.

टिकलं कसं : तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८–४८) गाव खंगलं. नवं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुनं राहिलं.

सगळंच जुनं नाही : ३१ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात पूर्वेकडचा भाग आणि तटाचा काही हिस्सा उद्ध्वस्त झाला. देशोदेशींच्या देणग्यांतून तट पुन्हा उभा राहिला. देणगीदारांची नावं तिथल्या दगडी पाट्यांवर कोरलेली आहेत, त्यांत जपानी नावंही. मुलांनी ती वाचत वाचत चालावं, इतकी तटावरची वाट रमवणारी.

तटावरची वाट : अरुंद, वर लाकडी छप्पर. प्रवेश मोफत. चढायला दगडी जिने. बाबागाडी खालीच ठेवावी लागते.

श्नेबाल : पिठाच्या पट्ट्यांचा सैलसर गोळा तळून पिठीसाखरेत घोळवतात. शंकरपाळ्यासारखा खुसखुशीत.