वीस किलोंची रेषा आणि दहा वर्षांचा कारावास

घाटनांदूरच्या रेल्वे स्थानकावर एखाद्या मजुराजवळ २१ किलो गांजा सापडला, असे समजू या. माल त्याचा नाही. परळीला पोहोचविण्याचे त्याला चार पैसे मिळणार होते. गुन्हा सिद्ध झाल्यास त्याचे दारिद्र्य आणि पहिलाच अपराध न्यायाधीशांना स्पष्ट दिसत असला, तरी १० वर्षांहून कमी सक्तमजुरी देता येत नाही. शिवाय किमान १ लाख रुपये दंड. पोत्यात १९ किलो भरले असते, तर किमान शिक्षेचे बंधन नव्हते. ही रेषा आली कोठून, हे धर्मग्रामातील वाचकांनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा मुळात याहून कठोर होता. व्यसनापायी थोडी ब्राऊन शुगर विकणारा आणि तिचा साठा करणारा, दोघांनाही किमान १० वर्षे. २००१ च्या दुरुस्तीने अल्प, मध्यम व व्यापारी अशा पायऱ्या केल्या आणि किमान १० वर्षे प्रामुख्याने व्यापारी प्रमाणासाठी ठेवली : हेरॉइन २५० ग्रॅमहून अधिक, गांजा २० किलोहून अधिक. (गांजाला पूर्वी कमाल ५ वर्षेच शिक्षा होती, मोठ्या साठ्यापुरती ती या सुधारणेनेच वाढली!) पुढे २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, काही गंभीर गुन्हे पुन्हा करणाऱ्यास असलेली फाशी अनिवार्य न मानता न्यायाधीशांच्या विवेकावर सोपविली. २०१४ मध्ये संसदेनेही तशी दुरुस्ती केली.

म्हणजे फाशीच्या बाबतीत विवेकाला वाव मिळाला. दहा वर्षांच्या बाबतीत नाही. किमान शिक्षेहून अधिक शिक्षा देताना कोणत्या बाबी विचारात घ्याव्यात, हे कायदा सांगतो. कमी देण्याची मुभा मात्र देत नाही. त्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे, असा निर्णय दिला. ३०० ग्रॅम भुकटीत हेरॉइन १५ ग्रॅम असले, तरी ते व्यापारी प्रमाणच.

तरुणांच्या आयुष्यावर पैसा कमावणाऱ्यांची गय करावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पोते वाहणारा आणि पोत्याचा मालक यांतील फरक तराजूला कळत नाही. तो न्यायाधीशाला कळतो. त्याला तो निकालपत्रात उतरविता आला पाहिजे.

घरातील कोणी व्यसनी असेल आणि केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल, तर कलम ६४-अ लक्षात ठेवावे. शासनमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण केल्यास खटल्यापासून संरक्षण मिळते. वकिलांना याविषयी पहिल्याच भेटीत विचारावे.